टॅपेटचा आवाज बंद करायच्या आधी

"दादा, टॅपेट वाजतंय, जरा टाईट करून द्या." नाना पेठेपासून भोसरीपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे वाक्य ऐकू येतं. मेकॅनिक घाईत असला की कव्हर उघडतो, स्क्रू थोडा दाबतो, टिकटिक थांबते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. ऑफिसला जायच्या गाडीचं त्यात लगेच काही बिघडत नाही. पण तीच गाडी कुणी ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या धावेच्या शर्यतीसाठी, बांधली असेल, तिला मोठा कॅम आणि कडक स्प्रिंग लावले असतील, तर आवाज थांबवण्यासाठी टॅपेटची फट कमी करणं म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळायची तयारी करणं. ही फट कशासाठी असते, किती ठेवायची, कशी मोजायची, आणि मोजलेल्या आकड्यावरून इंजिनच्या पोटात काय चाललंय ते कसं ओळखायचं, हे इथे सांगतो. शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फट लावणारे पुष्कळ आहेत, लिहून ठेवणारे फार थोडे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. पुण्यात ड्रॅग म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे यामाहा आरएक्स 100 येते. ती टू-स्ट्रोक आहे. तिच्यात कॅमने उघडणारे व्हॉल्व्हच नसतात, सिलिंडरच्या भिंतीतली पोर्ट पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे टॅपेटचा प्रश्न तिथे येत नाही. हा लेख फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो. कॅमशाफ्टवरचा फुगवटा रॉकर नावाच्या तरफेला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. फुगवटा पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, बसवते. कॅमचा जो भाग गोल, बिनफुगवट्याचा असतो त्याला बेस सर्कल म्हणतात. रॉकर त्या भागावर असताना त्याचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात थोडी मोकळी जागा राहायला हवी. तीच टॅपेटची फट. कम्युटर बाइकवर ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, बऱ्याचदा त्याहूनही कमी. सहसा एक्झॉस्टची फट इनटेकइतकी किंवा त्याहून थोडी जास्त ठेवतात.

एवढीशी जागा सोडण्याचं कारण उष्णता. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं म्हणून सुतार चौकटीत आधीच जागा सोडतो, तसंच हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जाणारा वायू शेकडो अंश तापलेला असतो. दांडा तापून लांब होतो. जागा सोडलेली नसेल तर लांब झालेला दांडा रॉकरला टेकतो, आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसायचा राहतो.

इथून नुकसान सुरू होतं. व्हॉल्व्हच्या डोक्यातली बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, थोडी दांड्यातून गाइडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात, जाते. व्हॉल्व्ह नीट टेकलाच नाही तर त्याची निवायची वाटच बंद होते, आणि उरलेल्या फटीतून पेटलेला वायू गॅस कटरच्या ज्योतीसारखा कडेने सुटतो. व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा जळून गेलेला पाहिला असेल तर तो बहुधा असाच गेलेला असतो. इंजिन 9,000 आरपीएमवर फिरत असेल तेव्हा कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे एक व्हॉल्व्ह सेकंदाला 75 वेळा उघडून बंद होतो. निवायला त्याला मिळणारा वेळ तसाही थोडा. त्यातला काही भाग आपण स्क्रू दाबून काढून घेतो.

फट जास्त झाली तर काय होतं, हे कळायला कॅमचा आकार जरा जवळून पाहावा लागतो. बेस सर्कल संपून फुगवटा एकदम सुरू होत नाही. मधे एक अगदी मंद चढ ठेवलेला असतो, त्याला रॅम्प म्हणतात. रॉकरने फट भरून काढून व्हॉल्व्हला हळूच स्पर्श करायचा तो या रॅम्पवर. बंद होतानाही तसंच, शेवटच्या टप्प्यात रॅम्प व्हॉल्व्हला अलगद सीटवर उतरवतो. कॅम बनवणारा हा रॅम्प ठरावीक फट धरून कापतो. फट त्याहून मोठी ठेवली की रॅम्प रिकामाच निघून जातो आणि रॉकर थेट वेगाच्या चढावर व्हॉल्व्हला आदळतो. बंद होतानाही व्हॉल्व्ह अलगद उतरण्याऐवजी सीटवर आपटतो, कधी कधी उडी मारून पुन्हा उघडतो. ड्रॅग इंजिनात स्प्रिंग कडक आणि आरपीएम चढे, म्हणून या आपटण्याने सीट ठेचली जाते, दांड्याचं टोक पसरतं, ॲडजस्टर म्हणजे फट लावायचे स्क्रू सैल होतात.

म्हणून कॅमसोबत येणाऱ्या माहितीच्या कार्डावर छापलेला फटीचा आकडा पाळायचा असतो. आपल्याकडे अडचण अशी की बाइकचे कॅम बऱ्याचदा जुन्यावर वेल्डिंग करून किंवा घासून बनवून घेतले जातात आणि त्यांच्यासोबत कार्ड येतच नाही. घासलेल्या कॅमचं बेस सर्कल लहान होतं, त्यामुळे कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा त्याला लागू पडेलच असं नाही. अशा वेळी ज्याने कॅम घासला त्याला आकडा विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल तर क्रँकवर अंशांची चकती आणि फॉलोअरवर, म्हणजे कॅमला टेकून हलणाऱ्या भागावर, डायल गेज लावून दर दोन-तीन अंशांना लिफ्ट, म्हणजे तो किती उचलला गेला, लिहून काढा. आकडे आधी हळूहळू वाढतात आणि मग एकदम धावायला लागतात. ते धावायला लागण्याच्या आत फट भरून निघाली पाहिजे. डायल गेज कॅमच्या बाजूला लावलं असेल तर त्या लिफ्टला रॉकरच्या गुणोत्तराने (कॅमकडच्या हालचालीच्या किती पट व्हॉल्व्हकडे होते त्या आकड्याने) गुणायचं, कारण फट आपण व्हॉल्व्हच्या बाजूला मोजतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण अंदाजाने फट लावण्यापेक्षा शतपटीने बरं.

आता गरम आणि थंड. यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण फट गरम झाल्यावर कमी होते की वाढते याला एकच उत्तर नाही. ते इंजिनच्या बांधणीवर अवलंबून असतं.

आपल्या बहुतेक बाइकमध्ये कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो. कॅम, रॉकर, व्हॉल्व्ह सगळे जवळजवळ राहतात, ॲल्युमिनियमचं हेड फुगलं तरी त्यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. मुख्य फरक पडतो तो व्हॉल्व्हच्या दांड्याच्या लांबीत. म्हणून इथे गरम झाल्यावर फट साधारण कमी होते, आणि एक्झॉस्टची जास्त कमी होते.

अमेरिकेतल्या ड्रॅगच्या मोठ्या व्ही-एट इंजिनांत मात्र कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो. तिथून लांब पोलादी पुशरॉड वर रॉकरपर्यंत जातो. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे असतील तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ढोबळ हिशोब करून बघू. कॅमपासून रॉकरपर्यंतची उंची 250 मिलिमीटर धरली आणि तापमान 80 अंशांनी वाढलं, तर ॲल्युमिनियम सुमारे 0.46 मिलिमीटर वाढतं आणि पोलाद 0.24. म्हणजे रॉकर वर उचलला गेला, पण पुशरॉड तेवढा पुरला नाही. मधे जवळपास 0.22 मिलिमीटरची जादा फट पडली. थाऊमध्ये सांगायचं तर जवळजवळ नऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर.

म्हणूनच तिकडचे कॅमवाले गरम इंजिनची फट देतात आणि थंड इंजिनवर लावताना किती फरक करायचा याचा ढोबळ नियम सांगतात. बिडाचा ब्लॉक आणि बिडाचंच हेड असेल तर दोन थाऊ जास्त ठेवायचे. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल तर सहा थाऊ कमी. दोन्ही ॲल्युमिनियमचे असतील तर बारा थाऊ कमी. हे सुरुवातीचे आकडे आहेत. इंजिन एकदा गरम करून प्रत्यक्ष मोजलं की त्या इंजिनचा खरा फरक हाती लागतो, आणि पुढे तोच वापरायचा.

आपल्या हवेचाही इथे संबंध येतो. बऱ्याच बाइकच्या मॅन्युअलमध्ये फट थंड इंजिनवर, साधारण 35 अंशांच्या खाली मोजा असं लिहिलेलं असतं. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात पारा 10-12 अंशांवर असतो, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी न चालवलेलं इंजिनही त्या 35 च्या वर गेलेलं असतं. बाइकमध्ये या फरकाने फार बिघडत नाही. पण वरच्याच हिशोबात 80 च्या जागी 25 अंश घाला. पूर्ण ॲल्युमिनियमच्या पुशरॉड इंजिनात एकट्या ऋतूमुळे जवळजवळ पावणेतीन थाऊंचा फरक पडतो. माझा सल्ला इतकाच, की "थंड" हा शब्द वहीत लिहू नका, हेडचं तापमान लिहा. इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. शर्यतीच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधेही तेच करायचं. इंजिन निवत जातं तसा आकडा सरकत जातो, म्हणून नेहमी ठरवलेल्या एकाच तापमानाला आणि एकाच क्रमाने मोजायचं. ड्रॅग इंजिन चालतं तरी किती वेळ? टायर तापवायचे, रेषेवर यायचं, आणि पाव मैल म्हणजे 402 मीटरची धाव. ब्लॉक पुरता तापायच्या आत सगळं संपतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तासभर चाललेल्या गाडीचं गरम आणि या इंजिनचं गरम एक नव्हे.

प्रत्यक्ष फट लावायची कशी? सिंगल सिलिंडर बाइकवर हे सोपं आहे. प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरतो. मॅग्नेटच्या कव्हरवरचं झाकण काढून क्रँक इंजिनच्या नेहमीच्या दिशेने फिरवा आणि टी ही खूण समोर आणा. आता पिस्टन वर आहे, पण तो दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलत असतील तर कॉम्प्रेशन. एखादा घट्ट लागला तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा बघा. डीकॉम्प्रेसर (इंजिन सहज सुरू व्हावं म्हणून दाब थोडा सोडणारी योजना) असलेल्या इंजिनात तो एक्झॉस्टला त्याच सुमाराला किंचित उचलून धरू शकतो, तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलीच जागा धरायची.

अनेक सिलिंडरच्या इंजिनाला एका जागी क्रँक थांबवून अर्धे व्हॉल्व्ह उरकायची जुनी युक्ती असते. लांब ड्यूरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवणाऱ्या, शर्यतीच्या कॅमवर ती वापरू नका. तिथे एकेक सिलिंडर घ्यायचा. एक्झॉस्ट नुकता उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक लावायचा. मग क्रँक फिरवत राहायचं, इनटेक पूर्ण उघडून बंद होत आला की एक्झॉस्ट लावायचा. असं केलं की ज्याची फट मोजतोय तो व्हॉल्व्ह नक्की बेस सर्कलवर असतो, कॅम कितीही मोठा असो.

फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्याची, पट्टी तेलाने पुसलेली, सपाट आणि न मुरगळलेली हवी. पट्टी ओढताना हलकासा चिकटपणा जाणवावा, असं सगळे सांगतात, पण प्रत्येकाच्या हाताचा चिकटपणा वेगळा. त्यापेक्षा खात्रीची पद्धत म्हणजे हवी ती पट्टी आत जायला हवी आणि तिच्या वरची जाता कामा नये. स्क्रू जागेवर धरणारा लॉकनट आवळताना ॲडजस्टर थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. ही दुसरी मोजणी टाळणाऱ्याच्या सगळ्या फटी एका बाजूला झुकलेल्या सापडतात. आणि रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी राहते, गेज 0.08 मिलिमीटर दाखवतं आणि खरी फट त्याहून कितीतरी मोठी असते. अशा रॉकरला फट लावण्यात अर्थ नाही, तो बदलायचा. पाणी ओढायच्या डिझेल इंजिनांवर हात बसलेले जुने मिस्त्री पट्टी घालायच्या आधी रॉकरच्या टोकावरून बोट फिरवतात, ते यासाठीच.

चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम 390 सारख्या इंजिनात स्क्रू नसतो, फिंगर फॉलोअरच्या खाली शिम, म्हणजे मोजक्या जाडीची छोटी चकती, असते. तिथे आधी सगळ्या फटी मोजून लिहायच्या, मग कॅम काढून शिमची जाडी मायक्रोमीटरने मोजायची आणि वजाबाकीने नवी शिम ठरवायची. शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, वापरलेली शिम झिजलेली असू शकते.

फट कमीजास्त करून इंजिनचा स्वभाव थोडा बदलता येतो. फट वाढवली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बंद होतो, म्हणजे कॅम जणू लहान होतो आणि खालच्या आरपीएमला ओढ वाढते. कमी केली की उलट. दोन-दोन थाऊ सरकवून वेळ सुधारते का ते पाहायचं. कमी फटीत गाडी जोरात पळाली तर तिला पुढचा कॅम मोठा हवाय. याचा उपयोग कॅम निवडण्यापुरताच करावा. कार्डाच्या आकड्यापासून चार थाऊंपेक्षा दूर जाऊन तिथेच मुक्काम करणं मला पटत नाही, रॅम्पचं गणित मोडतं.

आता वहीबद्दल. ड्रॅग इंजिनात फट लावण्यापेक्षा, लावलेली फट पुढच्या वेळी किती सरकली ते बघणं जास्त मोलाचं आहे. प्रत्येक व्हॉल्व्हसमोर तारीख, हेडचं तापमान, सापडलेली फट आणि ठेवलेली फट असे रकाने आखा. सापडलेला आकडा लिहायच्या आधी स्क्रूला हात लावायचा नाही. एकदा स्क्रू फिरला की पुरावा गेला.

फट कमी झालेली सापडली, तर व्हॉल्व्ह वर सरकलाय. एक तर सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसलाय, नाहीतर तापून आणि ताणून दांडा लांब झालाय किंवा त्याचं डोकं दांड्याभोवती कपासारखं वाकलंय. एखाद्या थाऊचा फरक नव्या सीटवर सुरुवातीला येतो, मग थांबतो. दर वेळी त्याच व्हॉल्व्हची फट कमी होत असेल तर स्क्रू सोडून पुन्हा आकडा जुळवण्यात अर्थ नाही. तो व्हॉल्व्ह एक दिवस डोक्यासकट तुटून पिस्टनवर पडतो. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर वरचा कठीण थर झिजून संपला की हे फार वेगाने होतं, म्हणून तिथे सलग दोन वेळा फट घटली की व्हॉल्व्ह बाहेर काढायचा.

या बिघाडाचा आवाज येत नाही. फट घटते, टिकटिक कमी होते, गाडी ऐकायला छान वाटते. वाजणारं टॅपेट निदान सांगतं तरी, गप्प झालेला व्हॉल्व्ह फक्त पट्टीलाच सापडतो.

फट वाढलेली सापडली तर कारणं जास्त, आणि ती एकेक करून तपासावी लागतात. सगळ्यात साधं म्हणजे लॉकनट सैल. मग रॉकरचा स्टड किंवा शाफ्टचा बोल्ट ढिला. पुशरॉड वाकला की तो आखूड होतो आणि फट वाढते, तो काचेवर गरगर फिरवला की वाकडेपणा दिसतो. कॅमचा फुगवटा किंवा फॉलोअर झिजला तर फट वाढत राहते आणि लिफ्टही कमी होते, म्हणून तिथे डायल गेज लावून दोन्ही बघायचं. रोलर लिफ्टरच्या (कॅमवर चाकाने फिरणाऱ्या फॉलोअरच्या) बेअरिंगच्या सुया फुटायला लागल्या तरी पहिली खूण हीच. आणि पिस्टन व्हॉल्व्हला शिवला असेल तर वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही, त्याचं टोक खालीच राहतं आणि फट अचानक वाढलेली दिसते. गिअर न पडता इंजिन मोकळं भिरभिरलं अशा फेरीनंतर एकाच व्हॉल्व्हची फट पाच-सात थाऊंनी वाढली असेल, तर आधी याचाच संशय घ्यायचा.

खात्री करायची सोपी वाट म्हणजे तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेला) आणून, क्रँक फिरणार नाही असा धरून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट गळतोय, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, तेलाच्या झाकणातून आली तर रिंग.

अमेरिकेत टॉप फ्युएल या ड्रॅगच्या सर्वात वेगवान वर्गातल्या गाड्यांचे संघ दोन फेऱ्यांच्या मधे अख्खं इंजिन उघडून बांधतात. 8.2 लिटरचं, नायट्रोमिथेनवर चालणारं ते इंजिन चार सेकंदांपेक्षा कमी वेळात 305 मीटर कापतं, आणि पुन्हा बांधताना प्रत्येक व्हॉल्व्हची फट लावली जाते. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर ड्रॅगसाठी बाइक घेऊन जाणाऱ्याकडे तेवढी माणसं नसतात आणि तशी गरजही नसते. वेळ थोडा असेल तर आधी एक्झॉस्ट मोजा, त्यातही गेल्या वेळी ज्याचा आकडा सरकला होता तो. एक थाऊच्या आत असेल तर लिहा आणि कव्हर बंद करा. दोन थाऊ घटला असेल तर लावून, हवा सोडून गळती बघा आणि मगच पुढची फेरी घ्या. लावल्यावर त्याच दिवशी पुन्हा तेवढाच घटला तर गाडी ट्रेलरवर चढवा.